चाहत्यांचा मेळावा आणि आपले संमेलन

आपल्या मंडळाच्या येत्या वार्षिक संमेलनात तरुणांसाठी वेशभूषा स्पर्धा ठेवावी, तीत मुलामुलींनी जपानी चित्रमालिकांतील पात्रे अथवा हवे तर मावळे आणि पेशवे यांची सोंगे घेऊन यावे, अशी एक सूचना कार्यकारिणीपुढे आली आहे. सूचना सद्भावनेची आहे आणि तिच्यामागील निरीक्षणही खोटे नाही. आपल्या सभागृहातील पहिल्या सहा रांगांत साठीच्या आतील माणूस शोधूनही सापडत नाही. त्याच सुमारास आपल्याच घरांतील नातवंडे मात्र हैदराबादच्या दुसऱ्या टोकाला, विज्ञानकथा, चित्रकथा आणि ॲनिमे यांच्या चाहत्यांचे जे मेळावे भरतात त्यांना पदरचे पैसे खर्चून, दिवसभर उभे राहून हजेरी लावतात. तेव्हा जे तेथे आहे त्यातील काही येथे आणावे, असे कोणास वाटल्यास नवल नाही. परंतु जे आणावयाचे ते नेमके काय आहे, हे आधी पाहिले पाहिजे. गेल्या दोन वर्षांत आमच्या शहरात भरलेले असे तीन मेळावे आम्ही जाऊन पाहिले. एक मोठा, तिकीट लावून भरवलेला. दोन लहान, महाविद्यालयाच्या सभागृहात विद्यार्थ्यांनी स्वतः भरवलेले. एखाद्या नाटकाचे अथवा ग्रंथाचे परीक्षण करावे त्याच दृष्टीने या मेळाव्यांकडे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे. कारण मेळावा हीदेखील एक रचना असते. तिला घाट असतो आणि त्या घाटातून तिच्या रचनाकारांची वाङ्मयविषयक समजूत दिसत असते.

या संस्थेचा उगम पाहू गेल्यास तो एका अगदी साध्या गोष्टीत सापडतो. ह्यूगो गर्न्सबॅक या गृहस्थांनी १९२६ साली अमेरिकेत 'अमेझिंग स्टोरीज' हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक काढले आणि त्यात वाचकांची पत्रे छापताना पत्रलेखकांचे पत्तेही छापले. वाचकांना एकमेकांचे पत्ते मिळाले. संपादकाला लिहिणारी माणसे आता एकमेकांना लिहू लागली. मग मंडळे निघाली, मंडळांची चक्रमुद्रित नियतकालिके निघाली. १९३० साली निघालेले 'द कॉमेट' हे त्यांतील आद्य मानले जाते. आपल्याकडे अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी १९५५ मध्ये 'शब्द' काढले तेही सायक्लोस्टाइल यंत्रावरच, हे आठवल्यास या उद्योगाची जातकुळी मराठी वाचकांस परकी वाटणार नाही. पुढे पत्रांनी भागेना, तेव्हा प्रत्यक्ष भेटण्याची निकड निर्माण झाली. ३ जानेवारी १९३७ रोजी इंग्लंडातील लीड्स येथे थिऑसॉफिकल सभागृहात अवघी पंधरावीस माणसे जमली. त्यांत एकोणीस वर्षांचा आर्थर क्लार्क होता. १९३९ च्या जुलैत न्यूयॉर्क येथे पहिले 'जागतिक' अधिवेशन झाले; जागतिक म्हणावयाचे, परंतु उपस्थिती सुमारे दोनशेची होती.

या ठिकाणी आपल्या संमेलनाशी एक मूलभूत भेद दिसतो. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी पुण्यात जी सभा बोलावली ती ग्रंथकारांची होती. नावातच ते होते. लिहिणाऱ्यांनी एकत्र यावे, ग्रंथप्रसाराचा विचार करावा, हा तिचा हेतू. वाचक हा त्या विचाराचा विषय होता. सभेचा घटक नव्हता. चाहत्यांच्या मेळाव्यात याच्या अगदी उलट घडले. तो वाचकांनी वाचकांसाठी बोलावला आणि लेखक त्यात पाहुणा म्हणून आला. न्यूयॉर्कच्या त्या पहिल्या अधिवेशनाचा सन्माननीय पाहुणा तर लेखकही नव्हता. फ्रँक पॉल हा मासिकांची मुखपृष्ठे रंगविणारा चित्रकार होता.

अर्थात आरंभापासून सर्व काही गोड होते असे नव्हे. न्यूयॉर्कच्या त्याच अधिवेशनात आयोजकांनी प्रतिस्पर्धी मंडळाच्या सहा जणांना दारातच अडविले. ही मंडळी डाव्या विचारांची होती, पत्रके वाटून गोंधळ घालतील अशी आयोजकांना धास्ती होती. अडविलेल्यांत फ्रेडरिक पोल आणि सिरिल कॉर्नब्लुथ हे पुढे नामांकित झालेले लेखक होते. आयझॅक ॲसिमॉव्ह त्याच मंडळाचा असूनही आत शिरला. आपल्याकडे १८८५ च्या दुसऱ्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारले. तेथे दार आतून बंद होते, येथे बोलावलेल्यानेच उंबरा ओलांडण्यास नकार दिला. आणि फुल्यांच्या नकारामागील सामाजिक कारण त्या न्यूयॉर्कच्या भांडणाहून कितीतरी खोल होते. तथापि वाङ्मयीन मेळावा म्हटला की कोण आत आणि कोण बाहेर हा प्रश्न पहिल्या दिवसापासून उभा राहतो, एवढे साम्य नोंदविण्यासारखे आहे.

वाचक हा घटक मानल्याचा परिणाम पुरस्कारांत स्पष्ट दिसतो. १९५३ साली फिलाडेल्फिया येथे प्रथम दिलेला आणि गर्न्सबॅकच्या नावाने ओळखला जाणारा ह्यूगो पुरस्कार अधिवेशनाचे सदस्य मतदानाने ठरवितात. सदस्य होण्यास शुल्क भरावे लागते, दुसरी पात्रता नाही. पुढील अधिवेशन कोणत्या नगरात भरावे हेही सदस्यच मताने ठरवितात आणि त्या त्या नगरातील मंडळी विनावेतन राबून ते पार पाडतात. आपल्या अखिल भारतीय संमेलनाचा अध्यक्ष पूर्वी संलग्न संस्थांनी नेमलेले मतदार निवडीत. २०१९ च्या यवतमाळ संमेलनापासून निवडणूक जाऊन महामंडळाकडून एकमताने नाव ठरविण्याची रीत आली. निवडणुकीतील चिखलफेक पाहिलेल्या कोणासही हा बदल सुखाचाच वाटला. परंतु ग्रंथ विकत घेऊन वाचणाऱ्या सामान्य माणसाला पूर्वीही त्यात स्थान नव्हते आणि आताही नाही.

वाचकांचे मतदान म्हणजे निर्दोष न्याय, असा मात्र आमचा समज नाही. २०१५ साली एका गटाने ठरवून मते टाकून ह्यूगोच्या उमेदवारयाद्या भरून काढल्या, तेव्हा इतर सदस्यांनी पाच विभागांत 'कोणासही पुरस्कार नको' असा कौल दिला. २०२३ च्या चीनमधील चेंगडू अधिवेशनात तर काही ग्रंथांना भरपूर नामांकने मिळूनही कारण न देता अपात्र ठरविण्यात आले. रेबेका कुआंग यांची 'बॅबेल' ही कादंबरी त्यांत होती आणि हा प्रकार आकडे प्रसिद्ध झाल्यावर २०२४ च्या जानेवारीत उघडकीस आला. त्यावर जो गदारोळ झाला तो सदस्यांनीच केला. संस्था आपली आहे असे ज्याला वाटते तोच असे भांडतो.

जपानची गोष्ट अधिक विस्ताराने सांगण्यासारखी आहे, कारण आपली नातवंडे ज्या मेळाव्यांना जातात त्यांचे खरे आजोळ तेच. तेथे विज्ञानकथेची अधिवेशने १९६२ पासून भरत होती. परंतु २१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोत 'कॉमिक मार्केट' नावाचा जो एक दिवसाचा बाजार भरला त्याने या प्रकाराला निराळेच वळण दिले. बत्तीस मंडळे आणि सुमारे सातशे माणसे. येणाऱ्यांत बहुसंख्य शाळकरी मुली होत्या, मुलींसाठीच्या चित्रकथा वाचणाऱ्या. हा बाजार ज्यांनी भरविला ते 'मेइक्यू' म्हणजे 'चक्रव्यूह' नावाचे मंडळ होते, आणि हे मंडळ, आमच्या वाचकांनी लक्षात घ्यावे, समीक्षकांचे होते. त्या काळच्या एका मोठ्या चित्रकथा अधिवेशनावर टीका केली म्हणून एका चाहतीला प्रवेश नाकारण्यात आला. त्याविरुद्धच्या संतापातून, टीकेसह सर्वांना जागा असेल असे स्थळ हवे म्हणून हा बाजार जन्मला. योशिहिरो योनेझावा हे त्यांतील प्रमुख. मुलींच्या चित्रकथांचा युद्धोत्तर इतिहास लिहिणारा हा समीक्षक १९८० पासून २००६ मध्ये निधन होईपर्यंत या बाजाराचा कारभार पाहत होता. त्यांचा संग्रह आज टोकियोच्या मेइजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

या बाजाराचे एक तत्त्व असे की तेथे 'ग्राहक' कोणीच नाही. स्वतः लिहून, काढून, छापून आणलेल्या पुस्तिका विकणारा, त्या घेणारा, रांगा लावणारा स्वयंसेवक, सारे 'सहभागी' म्हणविले जातात. २०१९ च्या डिसेंबरात चार दिवसांत साडेसात लाख माणसे तेथे आली, तरीही तत्त्व हेच. साडेसात लाखांच्या गर्दीत हे तत्त्व कितपत जिवंत राहते, अशी शंका कोणी घ्यावी. ती रास्तच आहे. शिवाय त्या पुस्तिकांतील पुष्कळ भाग दुसऱ्याच्या पात्रांवर बेतलेला आणि काही भाग उघड अश्लील असतो. पण 'क्लॅम्प' या नावाने पुढे जगप्रसिद्ध झालेल्या लेखिका-चित्रकर्त्रींचा समूह अशाच हौशी पुस्तिकांच्या मंडळातून वर आला, हेही खरे.

दुसरे उदाहरण ओसाकाचे. १९८१ साली तेथे विसावे जपानी विज्ञानकथा अधिवेशन झाले. त्याच्या आरंभी दाखविण्यासाठी हिदेआकी आन्नो, हिरोयुकी यामागा आणि ताकामी आकाई या विद्यार्थ्यांनी काही मिनिटांचा एक चलचित्रपट स्वतः हाताने चितारला. आपल्या संमेलनाची सुरुवात ईशस्तवन आणि स्वागतगीताने होते. ही त्या अधिवेशनाची नांदी. पाठीवर दप्तर असलेल्या एका लहान मुलीला आकाशातून उतरलेली माणसे पेलाभर पाणी देतात आणि ते जपून नेण्यास सांगतात. वाटेत तिला यंत्रे, राक्षस आणि आगगोळे अडवितात. ज्या ज्या कथांवर त्या पिढीने प्रेम केले त्यांतील पात्रे एकेक करून तिच्यावर चालून येतात. ती सर्वांतून ते पाणी वाचविते आणि एका सुकलेल्या मुळ्याला घालते. मुळा वाढतो आणि त्याचे अंतराळयान होते. मुळ्याला जपानीत 'दाइकोन' म्हणतात आणि अधिवेशनाचे नावही तेच. ओसाका या नावातील पहिल्या अक्षराचा दुसरा उच्चार घेऊन केलेला हा श्लेष आहे. रेखाटन कच्चे आहे, पात्रे कोणाचीही परवानगी न घेता उचललेली आहेत, पण या चिमुकल्या चित्रपटात एका पिढीने आपल्या वाचनाचे ऋण ज्या नेमकेपणाने सांगितले तसे सांगणारे स्वागतगीत आम्ही अद्याप ऐकलेले नाही. १९८३ मध्ये त्याचीच पुढची, अधिक सफाईची आवृत्ती निघाली आणि १९८४ मध्ये याच मंडळींनी 'गायनॅक्स' ही संस्था काढली. तिने जपानी चलचित्रांची दिशा बदलली; हिशेबाच्या बाबतीत मात्र ती विद्यार्थीच राहिली असावी, कारण २०२४ साली तिची दिवाळखोरी जाहीर झाली.

आता वेशधारणाकडे वळू, कारण सूचना त्याविषयीच आहे. १९३९ च्या न्यूयॉर्क अधिवेशनाला फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकाळातील पोशाख घालून आले होते. ते पोशाख मर्टल यांनी शिवले होते. जपानमध्ये या प्रकाराला १९८० च्या दशकात 'कॉस्प्ले' हे नाव मिळाले. आपल्या काही स्नेह्यांनी हे ऐकताच 'म्हणजे आपला बहुरूपीच की' असा उद्गार काढला. हा उद्गार आम्हांस घाईचा वाटतो. बहुरूप्याची कला आधी फसविण्यात आणि मग उलगडण्यात आहे. तो फौजदार होऊन दारी येतो, घरधनी घाबरतो, आणि सोंग उघडे झाल्यावर हसून बिदागी देतो. कॉस्प्लेमध्ये फसवणूक मुळीच अभिप्रेत नाही. तेथे हजारांच्या गर्दीत एका अनोळखी माणसाने आपल्याला, म्हणजे आपण घेतलेल्या पात्राला, ओळखावे आणि त्या ओळखीतून दोन वाचकांची भेट व्हावी, हा हेतू. पोशाख हा वाचकाने अंगावर घातलेला पत्ता आहे. गर्न्सबॅकने छापला तोच.

आपल्या दर्शनशास्त्रात प्रत्यभिज्ञा असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. पूर्वी पाहिलेले पुन्हा पाहताना 'तेच हे' असे जे उमटते ते. चाहत्यांच्या साऱ्या व्यवहाराचा रस या ओळखीत आहे. ही ओळख हलकी मानण्याचे कारण नाही. नारदीय कीर्तनात उत्तररंगाचे आख्यान श्रोत्यांना लहानपणापासून पाठ असते. कथेत पुढे काय होणार याची उत्सुकता कोणासही नसते, तरी डोळे भरून येतात. पण कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करतो. माहीत असलेल्या कथेला तो प्रश्न विचारतो. मेळाव्याचे परीक्षण करताना आम्ही हाच निकष लावला: येथे ओळखीपुढे निरूपण आहे काय?

मोठ्या मेळाव्यात ते आम्हांस दिसले नाही. भारतात अशा मेळाव्यांची मोठी मालिका २०११ च्या फेब्रुवारीत दिल्ली हाट येथील 'कॉमिक कॉन'पासून सुरू झाली आणि काही वर्षांत अनेक शहरांत पसरली. २०२४ मध्ये ती मालिका एका खेळ-उद्योगातील कंपनीने विकत घेतली. म्हणजे आपल्याकडे हा प्रकार वाचकांच्या पत्रांतून उगवला नाही, व्यवसाय म्हणून आला. तो व्यवसाय आहे यात गैर काही नाही; गणेशोत्सवालाही जाहिराती लागतात. पण आम्ही जो मोठा मेळावा पाहिला त्यात भ्रमणध्वनी, पेये आणि खेळयंत्रे यांची दालने मध्यभागी होती आणि स्वतः काढलेली चित्रे घेऊन बसलेले तरुण चित्रकार शेवटच्या भिंतीलगत. त्यांच्या मेजांवरही नव्वद टक्के माल परक्या पात्रांच्या चित्रांचा: चिकटचित्रे, किल्लीसाखळ्या, भित्तिचित्रे. कथा सांगणारी पुस्तिका क्वचित. व्यासपीठावर एका चित्रकाराची मुलाखत झाली. तुमचे आवडते पात्र कोणते, ते आणि अमुक लढले तर कोण जिंकेल, असे प्रश्न विचारले गेले. त्या चित्रकाराने वीस वर्षांत रेषेशी काय केले हे विचारावयास कोणी नव्हते. टोकियोच्या बाजारात जो शब्द वर्ज्य मानला तो 'ग्राहक' येथे सर्वत्र होता. पोशाख अपार कष्टाने केलेले होते, हे मान्य केले पाहिजे. एका मुलाने पुठ्ठा आणि फोम कापून केलेले चिलखत सहा महिन्यांचे काम होते असे त्याने सांगितले, आणि ते तसे दिसतही होते. पण लोक आले, छायाचित्र काढले, पुढे गेले. ओळख पटली आणि तेथेच संपली.

लहान मेळाव्यांची गोष्ट निराळी. महाविद्यालयाचे सभागृह, दीडशेच्या आसपास मुले, दुपारी ध्वनिक्षेपक बंद पडलेला. त्यांतील एका मेळाव्यात हाजिमे इसायामा यांच्या 'अटॅक ऑन टायटन' या चित्रकथेच्या शेवटावर परिसंवाद होता. ही कथा जपानी मासिकातून २००९ ते २०२१ या काळात क्रमशः आली. भिंतींच्या आत कोंडलेली माणसे आणि त्यांना खाणारे महाकाय राक्षस, असा तिचा आरंभ. आणि ज्या मुलाच्या आईला राक्षसाने खाल्ले तो नायकच अखेरीस भिंतीपलीकडील जगाचा संहार मांडतो, असा तिचा शेवट. प्रश्न असा होता की लेखक या संहाराचे समर्थन करतो काय. दीड तास मुले भांडली. एक मुलगी म्हणत होती की अत्याचार सोसलेल्याची करुणा लेखकाने इतकी रंगविली की त्याचा अत्याचारही क्षम्य वाटू लागतो, आणि हा कलेतील दोष आहे. दुसरा तरुण प्रकरणांचे क्रमांक सांगून प्रतिवाद करीत होता की नायकाच्या दृष्टीतून कथा सांगणे थांबते त्या क्षणीच लेखकाने त्याची बाजू सोडली. निवेदकाचा दृष्टिकोन आणि लेखकाचा दृष्टिकोन यांतील भेद ही मुले, तो शब्द न वापरता, अचूक मांडीत होती. आपल्या परिसंवादांत वक्ता मूळ ग्रंथ न वाचता प्रस्तावनेवर बोलतो हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाही. येथे सारे सारा ग्रंथ वाचून आले होते, आणि अध्यक्ष कोणीच नव्हते.

निरूपण होते ते येथे. फक्त ते मराठीत नव्हते. इंग्रजी, हिंदी आणि मध्येच आपल्या हैदराबादी बोलीतील 'नक्को' आणि 'हौ', अशी ती भाषा. मराठी तर नाहीच, तेलुगूही फारशी कानी पडली नाही. यासाठी मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. १९९० च्या दशकात दूरदर्शनवर आलेली मोगलीची जपानी मालिका हिंदीतून आली, पुढे 'डोरेमॉन'ही मुख्यत्वे हिंदीतून घरोघरी पोहोचला. ज्या भाषेत गोष्ट भेटते त्याच भाषेत तिच्याविषयी भांडता येते.

आणि येथेच आमच्या घराण्यांना टोचावा असा एक मुद्दा आहे. विज्ञानकथा हे आपल्याला परके क्षेत्र नाही. मराठीत ते आले तेच मुळी महाराष्ट्राबाहेरून. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीचे 'चंद्रलोकाची सफर' हे रूपांतर १९०० च्या सुमारास ज्या 'केरळ कोकिळ' मासिकात येऊ लागले ते कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी कोचीनला सुरू केले होते. जयंत नारळीकर वाढले ते काशीत, जेथे त्यांचे वडील हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवीत. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरे उलटी करून, पाठविली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. २०२१ च्या नाशिक संमेलनाचे ते अध्यक्ष होते; प्रकृतीमुळे प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. २० मे २०२५ रोजी ते गेले. लेखक होते, स्पर्धा होत्या, दिवाळी अंकांत जागा होती. परंतु केवळ विज्ञानकथेच्या वाचकांनी स्वतः बोलावलेला मेळावा मराठीत आमच्या पाहण्यात नाही. आम्ही लेखकाला अध्यक्षस्थान दिले. त्याच्या वाचकाला खुर्ची दिली आणि ती भाषणाकडे तोंड करून मांडली.

त्याच लहान मेळाव्यात आपल्या मंडळाच्या एका जुन्या आजीव सदस्यांची नात भेटली. एकोणीस वर्षांची, डोक्यावर निळा टोप, हाती नोंदणीची वही. तिच्या घराण्यातील पूर्वज निजामाच्या नोकरीसाठी नांदेडाहून येथे आले, आणि १९३१ साली श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली येथे संमेलन भरले तेव्हा तिचे पणजोबा स्वयंसेवक होते, हे तिला ठाऊक होते. ग्वाल्हेर, बेळगाव, मडगाव, हैदराबाद अशी १९२८ पासून सलग चार वर्षे संमेलने आपल्याच गावांत भरली, हे तिला ठाऊक नव्हते. पण ते किती जणांना ठाऊक आहे! आम्ही तिला आपल्या संमेलनास का येत नाहीस असे विचारले. ती म्हणाली, "आजोबा, तिथे आम्ही काय करायचं असतं? इथे मला काम असतं." आम्ही नारळीकरांचे नाव काढले. शाळेच्या पुस्तकात होते, एवढे तिला स्मरत होते. मराठी सावकाश वाचता येते, असेही तिने सांगितले. त्यात लाज नव्हती आणि उद्धटपणाही नव्हता.

पणजोबांनाही काम होते, ही गोष्ट आम्हांस परतीच्या वाटेवर सुचली. १९३१ च्या त्या संमेलनात मांडव घालणे, पाहुण्यांना स्थानकावरून आणणे, भोजनाच्या पंक्ती उठविणे ही सारी कामे तरुणांची होती. आणि त्या काळच्या हैदराबाद संस्थानात मराठीचा जाहीर मेळावा भरविणे ही निव्वळ हौस नव्हती. आज मांडव कंत्राटदार घालतो आणि भोजन केटररकडे असते. तरुणांना आपण फक्त श्रोत्याची जागा ठेवली आहे. आता तीत टोप घालून बसा, असे सांगण्याची ही सूचना आहे.

म्हणून वेशभूषा स्पर्धेस आमचा विरोध आहे. परक्या पात्रांचे वेश संमेलनात येतील, यास आमची हरकत नाही. मुद्दा एवढाच की स्पर्धेसाठी घातलेला वेश ओळख मागत नाही, गुण मागतो, आणि परीक्षक म्हणून समोर बसणार आपण, ज्यांना त्यांतील एकही पात्र ओळखता येत नाही. त्याऐवजी आम्ही एक पर्यायी ठराव मांडीत आहोत. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशीचे वरच्या मजल्यावरील लहान सभागृह सकाळी दहा ते दुपारी दोन मुलांच्या स्वाधीन करावे. 'यक्षांची देणगी' या संग्रहातील एखादी कथा त्यांना एक महिना आधी द्यावी. ज्यांना देवनागरी सावकाश वाचता येते त्यांच्यासाठी कोणी ज्येष्ठ सदस्याने ती वाचून ध्वनिमुद्रित करावी. तिच्यावर त्यांनी हव्या त्या भाषेत भांडावे, तिची चित्रे काढावीत, शेवट पटला नाही तर तो बदलून छापावा. छपाईचा खर्च मंडळाच्या अंकनिधीतून व्हावा. आपल्यापैकी ज्यांना वर जावयाचे असेल त्यांनी मुलांकडे नोंदणी करून, कथा वाचून जावे. व्यासपीठ नसावे, पुष्पगुच्छ नसावा, अध्यक्ष नसावा.

या ठरावावर कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी लेखी पृच्छा केली आहे की, अध्यक्ष नसल्यास आभारप्रदर्शन कोणाचे करावयाचे. प्रश्न पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर तिसऱ्या क्रमांकाला घेतला आहे.